पूड घातली की नाही

"शून्य," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी कागद टेबलावरून त्याच्याकडे सरकवला. "काका, शून्य आलंय."

त्याने कपाळावरचा चष्मा खाली ओढला. कागदावर अकरा औषधांची नावं होती आणि प्रत्येकापुढे दोन आकडे, यंत्रात शिरणाऱ्या पाण्याचा आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचा. आठव्या ओळीवर मॅडमनी पिवळ्या पेनाने रेघ ओढली होती. फिट येऊ नये म्हणून देतात ते औषध. शिरताना भरपूर, बाहेर पडताना काहीच नाही.

"सगळंच गेलं?"

"सगळंच. तीन महिने निम्मं तरी उरायचं. या वेळी शोधूनही सापडलं नाही म्हणे लॅबवाल्यांना."

"पण मग आधी का उरायचं?"

"काका, तुम्ही खूश व्हा बघू आधी."

दारात उभा असलेला इलेक्ट्रिशियन हसला. उंचीमुळे त्याला सगळे लांब्याच म्हणत. "मास्तर, शून्य मिळाल्याबद्दल शाबासकी घेणारे तुम्हीच पहिले. मला शाळेत मिळायचं तेव्हा घरी गेल्यावर पाठ शेकायची."

मास्तर म्हणजे तोच. शिकवलं त्याने कुणालाच नव्हतं. हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला, धुलाईखान्याच्या भिंतीला लागून, सांडपाण्याच्या टाक्या होत्या आणि तिथल्या रजिस्टरात तीस वर्षं त्याचं अक्षर होतं, वळणदार आणि एकही खाडाखोड नसलेलं. म्हणून मास्तर. नवीन यंत्र आलं तेव्हाही पाण्याचे नमुने घ्यायचं काम, यंत्राची जबाबदारी असलेल्या मॅडमनी त्यालाच दिलं. यंत्र म्हणजे कपाटाएवढी एक टाकी, आत काळ्या प्लेटा फायलींसारख्या उभ्या. पाण्यात थोडं मीठ असतं. प्लेटांमधून वीज गेली की त्याचं क्लोरीन होतं आणि पेशंटांच्या अंगातून उतरून आलेली औषधं तोडून टाकतं. निदान तोडेल अशी मॅडमची खात्री होती. उद्या अकराला हॉस्पिटलची मीटिंग होती. यंत्र ठेवायचं की परत पाठवायचं, ते या कागदावर ठरणार होतं.

त्याला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी मनात एकच गोष्ट घोळायला लागली. पूड.

प्लेटांमधून आलेलं पाणी बाटलीत भरलं तरी गप्प बसत नाही. त्यातलं क्लोरीन वाटेतही औषध खातच राहतं. लॅबमध्ये पोचेपर्यंत दोन दिवस जातात, तेवढ्यात बाटलीच ते काम उरकून टाकते आणि श्रेय यंत्राला मिळतं. म्हणून बाटली भरल्याबरोबर छोटा चमचाभर पांढरी पूड घालायची. ती क्लोरीन मारते, पाणी जसं आहे तसं थांबतं.

हा नमुना घेतला त्या मंगळवारी त्याने बाटल्या भरल्या होत्या, हे नक्की. चमचा हातात होता, हेही नक्की. तेवढ्यात फोन वाजला होता. बायकोचा.

"अहो, मी सकाळची गोळी घेतली का?"

तिला अकरा वर्षं याच औषधाच्या गोळ्या चालू होत्या. एक चुकली तर फिट यायची भीती, दोनदा घेतली तर दिवसभर भिंती धरून चालणं.

"डबी बघ ना."

"मंगळवारचा खण रिकामा आहे. पण तुम्ही रविवारी तो भरलाच नसेल तर?"

"भरला होता. नको घेऊस."

फोन ठेवला. त्यानंतर बाटल्यांना झाकणं लावल्याचं आठवत होतं. चमचा पुसून ठेवल्याचंही आठवत होतं. पण चमचा तो न वापरताही पुसून ठेवायचा. मधलं काही केल्या आठवेना. कधी वाटे, पूड पाण्यात विरघळताना आपण बघितली. मग वाटे, ते त्याच्या आधीच्या मंगळवारचं.

संध्याकाळी त्याने बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"हे जे औषध तुम्ही पाण्यातून काढताय, ते माझंच का?"

"तुझं नाही. आपल्या घराचं पाणी तिथे येत नाही."

"पण माझ्यासारख्या कुणाचं तरीच ना. म्हणजे चांगलं की वाईट ते?"

"पोटात चांगलं. पाण्यात वाईट. माशांना वगैरे."

"मला नाही बाई कळत." तिने टॉवेल झटकला. "तुम्ही घातली म्हणून सांगून मोकळे व्हा. मला नाही का सांगितलंत, खण भरला होता म्हणून."

त्याने घडी घातलेला एक टॉवेल उगाच सरळ केला. तिने वर पाहिलं.

"भरला होतात ना?"

"माहीत नाही गं. बहुतेक."

"म्हणून त्या दिवशी चार वेळा फोन केलात होय. मला वाटलं, म्हातारपणी प्रेम उतू चाललंय." ती हसली, पण घडी तिच्या हातात तशीच राहिली. "मी त्या दिवशी गोळीविना होते?"

"असशील. नसशीलही."

"ठाम बोलता हो तुम्ही. ऐकणाऱ्याला शंकाच येत नाही," ती हळू म्हणाली आणि ती घडी उलगडून पुन्हा पहिल्यापासून घालायला लागली.

सकाळी तो सगळ्यांच्या आधी टाक्यांवर पोचला. दर वेळी भरलेल्या बाटलीची जोडीची बाटली फ्रिजमध्ये राखून ठेवायची पद्धत होती. पूड घातली तर दोन्हींत घातलेली असायची, विसरली तर दोन्हींत विसरलेली. त्याने मंगळवारची बाटली काढली आणि त्यात क्लोरीन तपासायचा कागद बुडवला. क्लोरीन उरलं असेल, म्हणजे पूड राहून गेली असेल, तर कागद जांभळा होतो.

कागद पांढरा दिसला. खिडकीशी नेला तर कडेला किंचित जांभळट वाटला. चष्मा काढला, पुन्हा लावला. शिवाय आठ दिवसांत क्लोरीन आपसूक उडून गेलं असेल तर पांढऱ्या कागदाला तरी काय अर्थ? त्याने दुसरा कागद बुडवला. मग तिसरा. तिन्ही ओळीने मांडून बघत बसला, आणि जितकं बघावं तितका रंग दिसे आणि जाई.

घातली म्हटलं तर कुणी विचारणार नव्हतं. आठवत नाही म्हटलं तर नमुन्याचं काम जाणार होतं. निवृत्तीला दीड वर्ष होतं; विसरायला लागलेल्या माणसाला गेटवरच्या वहीपाशी बसवतात, हे त्याने दोनदा पाहिलं होतं.

त्याने रजिस्टर उघडलं. मंगळवारच्या ओळीत शेऱ्याची जागा रिकामी होती. तिथे त्याने आजची तारीख घालून लिहिलं: पूड घातली की नाही, आठवत नाही. अक्षर नेहमीसारखंच आलं, याचं त्याला नवल वाटलं.

मॅडम साडेदहाला आल्या. त्यांनी ओळ वाचली, तिन्ही कागद उजेडाकडे धरले.

"पांढरे आहेत, काका."

"मला जांभळट दिसतात."

"पांढरे आहेत. अहो, तुम्ही घातलीच असणार. तुम्ही कधी विसरता का?"

धुलाईखान्याची यंत्रं भिंतीपलीकडे घरघरत होती. ती थांबेपर्यंत तो थांबला.

"विसरतो," तो म्हणाला. "हल्ली विसरतो."

मॅडम खुर्चीवर बसल्या. त्यांनी कालचा कागद काढून पिवळ्या रेघेवर बोट ठेवलं. "मी आता आत जाऊन काय सांगू?"

"हेच. एक आकडा खात्रीचा नाही म्हणून."

"आठव्या ओळीसाठीच तर सगळे थांबलेत."

"हो."

त्या उठल्या. जाताना रागावल्यात की नाही, ते त्याला कळलं नाही. दाराशी थांबून त्या नुसत्या म्हणाल्या, "चहा घेतलात का सकाळपासून?" आणि उत्तर न ऐकताच गेल्या.

मीटिंगने यंत्राला आणखी एक महिना दिला आणि नमुना घेताना दोन माणसं हवीत असं ठरवलं. पुढच्या मंगळवारी चमचा लांब्याच्या हातात होता. लांब्याने त्या दिवशी एकही विनोद केला नाही.

"घातली," लांब्या म्हणाला.

"बघितली," तो म्हणाला.

रजिस्टरात आता एक रकाना वाढवायचा होता. लांब्या हातानेच रेघ मारायला निघाला तशी त्याने वही ओढून घेतली, फूटपट्टी लावली आणि उरलेल्या सगळ्या पानांवर एकेक सरळ रेघ आखली. पानापानावर वर लिहिलं, 'पाहणारा'. मग सही करायला पेन सवयीने पहिल्या रकान्यावर गेलं. तिथे लांब्याची सही अजून ओली होती. तिला धक्का लागू नये म्हणून त्याने हात उचलून धरला, आणि शेजारच्या कोऱ्या चौकोनात आपलं नाव सावकाश, पूर्ण लिहिलं.