टेकपेत्यांच्या मण्यांचा लांब पत्ता

मी पत्ता बोलतोय. गल्ली, घर नंबर, पोस्टमन असला पत्ता नव्हे. फोनच्या नाहीतर संगणकाच्या पडद्यावर अगदी वर जी लांबट पट्टी असते ना, तिच्यात माणसं मला लिहितात. मी वेबसाइटचा पत्ता. आधी तीन डब्ल्यू, मग टिंब, मग टेकपेते हे घराण्याचं नाव, त्याला चिकटून बीड्स, आणि शेवटी डॉट कॉम. एका दमात म्हणायला गेलात तर दम लागेल, हे मान्य. पण भारदस्त वाटतं की नाही, सांगा बरं!

माझा जन्म सोमान्या गावात प्रॉस्परच्या दुकानात झाला. फोनच्या फुटलेल्या काचा बदलणं, शोकपत्रकं छापणं आणि वेबसाइट काढून देणं, असे तिन्ही धंदे हा गडी एकाच टेबलावर करतो. साकिते टेकपेते समोर स्टुलावर बसला होता. प्रॉस्परनं विचारलं, "पुढे तीन डब्ल्यू लावू की नको? दोन्ही चालतं."

"तू चर्चला बिनशर्टाचा जातोस का रे?" साकिते म्हणाला. "लाव की!"

झालं. मी शर्ट घालूनच जगात आलो. त्याच बैठकीत माझा धाकटा भाऊही जन्मला, बिनडब्ल्यूचा, आखूड. पण त्याचं स्वतःचं असं काही नव्हतं. घाईत कुणी डब्ल्यू विसरलं तर त्या माणसाला मुकाट्यानं माझ्याकडे आणून सोडायचं, एवढंच त्याचं काम.

साकितेला माझं कोण कौतुक! आगोमान्याच्या बाजाराकडे वळणाऱ्या रस्त्यावर त्यानं मला पाटीवर रंगवून घेतलं. पिकअपच्या मागच्या फळीवर 'देव बघतोय' लिहिलं होतं, त्याच्याखाली मी आलो. आणि त्याचे वडील, म्हातारे टेकपेते वारले, तेव्हा अंत्यविधीला पुठ्ठ्याचे पंखे वाटले, त्यांच्या एका बाजूला म्हाताऱ्यांचा हसरा फोटो आणि दुसऱ्या बाजूला मी. ऊन मरणाचं होतं. साकितेचा अख्खा ओदुमासे गाव दिवसभर मला हलवत होता. एवढा मान पुन्हा कधी मिळाला नाही.

या घराचा धंदा काचेच्या मण्यांचा. रिकाम्या बाटल्या खलबत्त्यात कुटायच्या, चाळायच्या, ती पूड मातीच्या साच्यातल्या खळग्यांत भरायची आणि प्रत्येक खळग्यात कसाव्याच्या पानाच्या देठाचा तुकडा उभा खोचायचा. भट्टीत देठ जळून जातो आणि त्याच्या जागी भोक राहतं. मग दगडावर वाळू-पाणी घालून मणी घासत बसायचं. भट्टी साकितेची. तिच्यापासून त्याला कुणी हलवू शकत नाही. लेकीबाळींच्या कमरेला, गळ्याला हेच मणी, बारशाला हेच, म्हातारीला शेवटचं नटवतानाही हेच.

लांबची गिऱ्हाइकं आणायचं काम माझ्याकडे. ती शोधयंत्रातून यायची. आमच्या लोकांचं नाव क्रोबो; 'क्रोबो मणी' असं कुणी लिहिलं की ते यंत्र आपल्या मनानं पत्ते पुढे करतं. ज्याचं नाव चार लोकांनी आपापल्या पानावर घेतलंय, त्याला जरा वर बसवतं. मी पहिल्या पानावर असायचो, तेही बरं का, वरच्या बाजूला.

मग साकितेची बहीण कोर्यो तेमा शहरातून परत आली. तिकडे ती कापडाच्या दुकानात होती. पोरगी हुशार, जिभेला धार. तिनं मण्यांचे फोटो काढले, रंगांना नावं दिली, आणि प्रत्येक माळेला बांधायच्या चिठ्ठ्या छापून आणल्या. चिठ्ठीवर पत्ता धाकट्याचा!

"हे काय?" साकितेनं चिठ्ठी दोन बोटांत धरून विचारलं. "तीन अक्षरं कुठं गेली?"

"लागत नाहीत ती, दादा. हल्ली कुणी लिहीत नाही. चिठ्ठी एवढीशी, त्यात तुझी वरात कुठं बसवू?"

"बापाच्या पंख्यावर जे छापलं, ते तुला लागत नाही?"

"बापाला मध्ये आणू नकोस हं!"

पण बाप मध्ये आलाच. मग आई आली, मग तेमाला कोण निघून गेलं होतं ते आलं. महिनाभर दोघं एकमेकांशी बोलेनात. मणी ओवणाऱ्या बायकांमार्फत निरोप चालायचे. "त्यांना सांगा, निळी पूड संपली." "तिला सांगा, मला डोळे आहेत." बायका पदराआड हसायच्या, पण त्यांनाही कंटाळा आला होता.

शेवटी थोरांना बोलावणं गेलं. माकू आत्या आल्या आणि लावेर काका आले, जिन दारूची हिरवी बाटली घेऊन. अंगणात खुर्च्या मांडल्या. काकांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि घरातली भांडणं जशी मिटवतात तशी मिटवली. दोन्ही लेकरं याच घरची, दोन्ही पत्ते याच घरचे. कुणी थोरला नाही, कुणी धाकटा नाही. दोन्ही दारं सताड उघडी ठेवा, दोन्हीकडे सगळा माल मांडा. मग पूर्वजांची नावं घेत त्यांनी जिन जमिनीवर ओतली आणि उरलेली सगळ्यांनी घेतली. बहीण-भाऊ एका ताटात बांकू, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचा उकडलेला गोळा, जेवले. खरं सांगतो, मलाही भरून आलं होतं. धाकट्याचं भलं झालं म्हणून आनंदच झाला.

दुसऱ्या दिवशी प्रॉस्परनं हुकूम पाळला. धाकट्यानं माणसं माझ्याकडे पाठवणं बंद केलं. त्याला स्वतःची सगळी पानं मिळाली. तेच फोटो, तेच शब्द, तीच भट्टी.

आणि तिथंच माती खाल्ली.

शोधयंत्राला काय ठाऊक जिन ओतली ते? त्याला दिसली दोन दुकानं, मालासकट हुबेहूब एकसारखी. यातलं खरं कुठलं? कधी ते मला पुढे करी, कधी धाकट्याला. पाटी वाचलेले लोक आपल्या पानांवर माझं नाव घेत, चिठ्ठी वाचलेले धाकट्याचं. जो मान एकाला मिळायचा तो दोघांत वाटला गेला आणि कुणाच्याच पोटाला पुरेना. आम्ही दोघं घसरत घसरत चौथ्या-पाचव्या पानावर गेलो. तिथवर येतंय कोण? आमच्या जागी कुणी तरी प्लास्टिकचे मणी विकणारा बसला. त्यावरही 'क्रोबो' लिहिलेलं. माझ्या तर अंगाची लाही लाही झाली.

मागणी आटली. रोज पेटणारी भट्टी आठवड्यातून एकदा पेटू लागली. ओवणाऱ्या बायकांना साकितेनं सांगितलं, "काम आलं की निरोप पाठवतो," आणि त्या आपापले बसायचे पाट उचलून गेल्या. तेवढ्यात तेमाच्या कापडवाल्या बाईंचा कोर्योला फोन आला. जागा रिकामी आहे, ईस्टरपर्यंत काय ते कळव. कोर्योनं फोन ठेवला आणि साकितेला म्हणाली, "एका भट्टीवर दोघांचं भागत नाही, दादा. मी जाते." साकिते भट्टीतली राख ओढत बसला. पण ती गेली तर तो भट्टी पेटवणार नाही, हे मला समजत होतं. मणी भाजायला त्याला येतं, विकायला नाही. आणि या वेळी गेली तर ती परत येणार नाही, याची त्याला धास्ती होती.

जायच्या आधी हिशेब बंद करावा म्हणून कोर्यो प्रॉस्परकडे गेली. वेबसाइट बंद कर म्हणाली. त्यानं पडदा बघितला आणि कपाळावर हात मारला.

"अगं, बाकी कारणं असतीलही, पण हे बघ ना! दोघं भाऊ एकमेकांच्या पायात पाय घालून पडलेत. त्या यंत्राला डब्ल्यू असले काय नि नसले काय, काही फरक पडत नाही. त्याला फक्त एकच सांगा. एक ठरवा, दुसऱ्याला कायमचं त्याच्याकडे पाठवायला लावा. बास!"

"मग कर की!"

"मी करू? लावेर काकांनी ओतलंय त्यावर! मला ओदुमाशात तोंड दाखवायचंय अजून."

हे मात्र खरं होतं. पूर्वजांसमोर ओतून ठरवलेलं भावा-बहिणीनं परस्पर मोडायचं नसतं. पुन्हा थोरांना बोलवा, पुन्हा खुर्च्या मांडा. काका फोनवर गुरकावले, "भांडण मिटलं होतं ना तुमचं?" तरी आले. माकू आत्याही आल्या, या वेळी बाटली त्यांनीच आणली.

"हं, बोला," आत्या म्हणाल्या. "कुणाचा पत्ता ठेवायचा?"

कोर्यो पटकन म्हणाली, "दादाचा. मी चाललेच आहे. त्याला आवडतो, त्याचा राहू दे."

साकिते उठून उभा राहिला. "नाही. हिचा ठेवा. लांबवाला नको मला."

मी दचकलो. माझा साकिते! पंख्यावर मला छापणारा!

"दादा, उगाच मोठेपणा नको."

"मोठेपणा कसला! तुझा पत्ता राहिला तर तो सांभाळायला तू राहशील. मला काय येतं त्यातलं? मला तो पत्ता नको, तू हवीस इथं." आणि हा एवढा दांडगा माणूस तोंड फिरवून भट्टीकडे बघायला लागला. कोर्योच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. काकांना उगाच खोकला आला.

"वा रे वा!" आत्या म्हणाल्या. "गेल्या खेपेला माझाच म्हणून भांडलात, आता तुझाच म्हणून भांडताय. तुमच्या दोघांच्या नादात माझी एक बाटली गेली." मग काकांकडे वळल्या. "लावेर, राजाशी थेट कोण बोलतं?"

"कुणीच नाही. आधी त्सियामीशी बोलायचं, तो आत सांगतो."

"आणि त्सियामीच्या हातात काय असतं?"

"सोन्याची काठी."

"मग त्याला कुणी हलका म्हणतं का? लांब पत्ता त्सियामी. रस्त्यावर उभा राहील, येईल त्याला आत पोचवेल. आखूड आत बसेल. माझी बोटं दुखतात, मला तोच लिहायला बरा." काकांनी मान डोलावली. पूर्वजांची क्षमा मागून जिन ओतली. या वेळी मी भरून येऊन वगैरे काही पाहिलं नाही. माझीच पानं जाणार होती.

प्रॉस्परनं एका दुपारी सगळं उरकलं. माझ्याकडे येणारा प्रत्येक जण कायमचा धाकट्याकडे जाईल अशी व्यवस्था केली. आतले सगळे दुवे आखूड केले, शोधयंत्राला द्यायच्या पानांच्या नकाशातही धाकट्याचंच नाव घातलं. माझ्या अंगावर एक फोटोही उरला नाही. पहिले काही दिवस मी रुसलो होतो, लपवत नाही.

असल्या गोष्टींना वेळ लागतो. ईस्टर आला, तरी आम्ही होतो तिथंच होतो. ईस्टरच्या सोमवारी सगळे खात-पीत असताना कोर्योनं तेमाला फोन लावला. "बाई, मी येत नाही," एवढंच म्हणाली. साकिते ऐकत होता. त्यानं आपल्या ताटातला मोठा मासा उचलून तिच्या ताटात टाकला.

पावसाळ्याच्या तोंडाशी धाकटा हलला. आधी तिसऱ्या पानावर, मग दुसऱ्या, मग पहिल्या. माझं नाव घेणाऱ्या जुन्या लोकांचा मानही आता त्याच्याच खात्यात जातो, कारण मी तो आत पोचवतो. कुमासीच्या एका बाईंनी लेकीच्या लग्नासाठी माळा मागवल्या, मग तिच्या मैत्रिणींनी. बायका पाट घेऊन परत आल्या आणि आल्या आल्या साकितेची टिंगल सुरू केली. भट्टी पुन्हा रोज पेटते.

मीही आता सुखात आहे. सांभाळायला काही नाही, सजायला काही नाही. कुणी आलं की, "या, आत या," म्हणायचं. ज्यांना अजून सवय आहे ते मला पुरं लिहितात, आणि पुढच्या क्षणी माझी तीन अक्षरं गळून गेलेली त्यांच्या लक्षातही येत नाहीत. तुमचंही दुकान असेल, शाळा असेल, भजनी मंडळ असेल, तर एवढं ऐका: डब्ल्यू लावा नाहीतर काढा, माझी काही हरकत नाही. पण एक ठरवा आणि दुसऱ्याला त्याच्या दाराशी उभं करा. त्यालाही बरं वाटतं, अनुभवानं सांगतो.

साकिते भट्टीवरून आला की हात धुवायच्या आधी विचारतो, "आज माझ्या त्सियामीनं किती जण आणले?" तो आकडा कोर्योला फोनवर दिसतो. नवी माणसं आखूडच लिहितात, त्यामुळे तो रोज कमी होत चाललाय. काल दिवसभरात माझ्याकडे एकही माणूस फिरकलं नाही.

कोर्योनं फोन पाहिला, मग साकितेकडे पाहिलं. "बरेच होते, दादा."

"बरेच म्हणजे किती?"

"आता मोजत बसू का? बांकू गार होतोय, चल."

तो खूश होऊन जेवायला बसला.  त्यालाही खरं काय ते ठाऊक असावं, असा मला दाट संशय आहे. पण तो उद्याही विचारेल, आणि ती उद्याही हेच सांगेल. सांगायला ती इथं आहे ना, मग माझ्या दारात कुणी आलं काय नि नाही आलं काय!