टिटवीची हद्द

वन्सं पाडव्याला परत जाणार होत्या. त्याआधीच साथीमुळे विमानं बंद झाली आणि त्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर, 'जमा' झाल्या.

वन्सं म्हणजे अजितची थोरली बहीण, चित्रा. आजकाल नणंदेला वन्सं कोण म्हणतं? लग्नात मी चेष्टेनं म्हणाले आणि त्यांनी ती चेष्टा पदवीसारखी ठेवून घेतली. साताऱ्यात जमीन मोजणीच्या कचेरीत त्यांची सगळी नोकरी गेली. कुणाचा बांध कुठं, कोण कुणाच्या शेतात हातभर सरकला, हद्दीचा दगड मुळात कुठं होता, यावर माणसं तावातावानं भांडत यायची आणि वन्सं नकाशा पसरून त्यांना गप्प करायच्या. निवृत्त झाल्या तरी नजर तीच. आमच्या घरात पाऊल टाकल्या टाकल्या म्हणाल्या, "शेजारच्यापेक्षा तुमची बाल्कनी वीतभर कमी आहे. घेताना मोजली नव्हती का?"

तेव्हा हसले. पुढं त्या वीतभराची किंमत कळली.

एका बेडरूममध्ये अजितचं ऑफिस. तो इथल्या डच विद्यापीठात, वाखनिंगनला, पिकांवर संशोधन करतो, पण त्या दिवसांत पलंगाच्या कडेवर बसून नुसता स्क्रीनशी बोलायचा. दुसऱ्या खोलीत आमच्या लेकीची, आर्याची, ऑनलाइन शाळा. उरलेल्या हॉलमध्ये वन्सं, मी आणि प्रेशर कुकर. शिट्टी झाली की दोन्ही दारांआडून एकदम "श्शू!" यायचं. वन्सं म्हणायच्या, "कैद्याला निदान अंगण असतं गं मृणाल. आणि तिथं वरण शिजवायला परवानगी लागत नाही."

विमानाची बातमी रोज यायची आणि रोज खोटी ठरायची. बॅग भरलेली, पलंगाखाली. त्यातून रोज एक एक वस्तू काढावी लागायची, कधी कंगवा, कधी गोळ्या, आणि संध्याकाळी त्या ती परत भरायच्या.

त्यांचा जीव अडकला होता तो त्या पायवाटेत.

आमच्या वस्तीच्या मागं शेतं सुरू होतात आणि त्यांतून एक वाट जाते. इकडे अशा वाटांना लाकडी बुटांचं नाव आहे, क्लॉम्पेनपाद. ती सरकारी नाही. शेतकरी आपल्या जमिनीतून लोकांना जाऊ देतो, म्हणून ती आहे. फाटक उघडलं की मागं लावायचं, कुत्रा मोकळा सोडायचा नाही आणि वाट सोडून शेतात शिरायचं नाही.

"म्हणजे वहिवाट आहे," वन्सं म्हणाल्या.

"वहिवाट नाही, मेहेरबानी आहे."

"मग कधीही बंद करू शकतो."

"करू शकतो. म्हणून तर नीट वागायचं."

"हे मला तू सांगतेस?" असं म्हणून त्यांनी आर्याचं जुनं जाकीट पंजाबी ड्रेसवर चढवलं आणि बूट घातले.

तो वसंत असा काही लख्ख होता की राग यावा. माणसं घरात आणि ऊन बाहेर. फाटकातून आत गेलं की वन्संचे खांदे खाली यायचे. तोपर्यंत ते वर होते हे माझ्याही लक्षात यायचं नाही. डावीकडे ओढा, उजवीकडे तपकिरी मोकळं रान, अजून मका पेरायचा होता. आणि त्या रानात एके दिवशी वन्संना दिसला चाकवत.

"अगं चाकवत! कोवळा लुसलुशीत!" आणि वाट सोडून त्या आत.

"वन्सं, आत जायचं नसतं."

"तण आहे ते. उपटतेय म्हणून आभार मानील तो." जाकिटाच्या खिशातून पिशवी निघाली. म्हणजे हे ठरवून होतं.

त्यांच्या डोक्यावर एक पक्षी गिरक्या घेत ओरडायला लागला. काळापांढरा, डोक्यावर ऐटदार तुरा. आपल्याकडच्या टिटवीचा चुलतभाऊ. वन्सं वर बघून चपापल्या. टिटवी ओरडली की काहीतरी वाईट कानावर येतं, हे त्यांच्या रक्तातलं. तिथंच रानात उभ्या राहून त्यांनी साताऱ्याला मुलाला फोन लावला.

"यश, बरा आहेस ना? ताप नाही ना?"

पलीकडून यशचा आवाज मलाही ऐकू आला, "आई, मी बरा आहे. तू का धापा टाकतेयस?"

त्या रात्री ताकातला चाकवत झाला, वर लसणाची फोडणी. हेच तण मारायला अजितच्या ऑफिसात माणसं डोकं खाजवतात. त्यानं तीनदा वाढून घेतला.

मग ते रोजचंच झालं. वन्सं एकट्याही जाऊ लागल्या. पिशवी भरायची, टिटवी ओरडायची, यशला फोन जायचा. "आज पण ओरडली का?" असं तो 'हॅलो'च्या ऐवजी विचारू लागला.

बाल्कनीत वन्संनी डब्यातले कडवे वाल पेरले होते. तापलेल्या काचेमागं ते भराभर वर आले आणि आधार शोधत हवेत हात फिरवू लागले. एका सकाळी वन्सं दोन बांबूच्या काठ्या घेऊन आल्या. बारीक, सरळ, टोकाला नारिंगी रंग.

"कुठनं आणल्या?"

"पडलेल्या होत्या शेतात."

मीही पुढं विचारलं नाही. काठ्या कुंडीत रोवल्या, वेल चढला आणि वीतभर कमी असलेल्या बाल्कनीत थोडं हिरवं रान झालं. वन्सं त्याच्याशी बोलायच्या. आमच्याशी बोलायचे विषय केव्हाच संपले होते.

मे महिन्याच्या मध्यावर फाटकावर लाल-पांढरी पट्टी आली आणि पाटी. त्या दिवशी आर्याही आमच्याबरोबर होती. तिनं पाटी वाचली आणि तिचा चेहरा उतरला.

"आई, हाऊ मीन कॅन पीपल बी?"

"काय लिहिलंय?" वन्संनी विचारलं.

आर्याला मराठी कळतं, पण मोठी वाक्यं मराठीत बोलायला ती लाजते. म्हणून ती इंग्रजीत सांगत गेली आणि मी मराठी करत गेले. ही जमीन खाजगी आहे. या रानात पक्षी जमिनीवर घरटी करतात. घरट्याच्या दोन बाजूंना मालक काठ्या रोवतो, म्हणजे पेरणीच्या यंत्राला तेवढी जागा वळसा घालून जाता येतं. कुणीतरी काठ्या काढून नेल्या. यंत्र घरट्यावरून गेलं. चार अंडी होती. पायवाट बंद.

खाली काठीचा फोटो होता. नारिंगी टोकाची काठी.

मी फोटोचं मराठी केलं नाही. त्याची गरजही नव्हती. वन्संनी फोटो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि घराकडे चालू लागल्या.

घरात शिरल्यावर पहिलं वाक्य आलं, "पडलेल्या होत्या."

"दोन्ही?"

"एक पडलेली होती. दुसरी… दुसरी कललेली होती."

अजित मीटिंग म्यूट करून बाहेर आला. ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "ताई, कुणाला काही बोलायचं नाही. विमान मिळालं की तू जाशील. आम्हाला इथं राहायचंय. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आधीच सुरू झालंय, बाहेरून येणारी माणसं, यांना शेत म्हणजे काय ते कळत नाही."

"मला शेत कळत नाही?" वन्सं म्हणाल्या. आवाजात धार होती, पण ती कुणाकडे वळवायची ते त्यांना ठरवता आलं नाही.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. पायवाट नाही, म्हणून त्या पार्किंगला फेऱ्या मारायच्या. तिथं एक शेजारीण अंतर ठेवून हसली आणि बंद वाटेबद्दल हळहळली, तेव्हापासून पार्किंगही सुटलं. मग हॉलभर येरझाऱ्या, सोफ्यापासून ओट्यापर्यंत. बाल्कनीकडे पाठ करून बसायच्या. वेलाला पाणी मी घालायची. बॅगेतून वस्तू काढणंही त्यांनी बंद केलं, एकच ड्रेस धुऊन धुऊन घालू लागल्या. यशला त्यांनी फोनवर नुसतं "बरं आहे" सांगितलं, तर त्यानं घाबरून मला फोन केला. "मामी, आईला काय झालंय? टिटवीचं नाव काढत नाहीये."

एका दुपारी मी कणीक मळत होते. वन्सं भिंतीकडे बघत म्हणाल्या, "मृणाल, माझ्या सगळ्या नोकरीत एकानंही असं म्हटलं नाही की हद्दीचा दगड मी हलवला. सगळे एकच म्हणायचे. पडलेला होता, बाई."

मी हात थांबवला.

"मी हसायची त्यांना. चहा पिताना नक्कल करायची." त्या माझ्याकडे वळल्या, "आणि ती मला सांगत होती गं. माझ्या डोक्यावर येऊन जीव तोडून सांगत होती, इथनं हल म्हणून. मी आपली यशला फोन करत बसले."

मग त्या उठल्या आणि बाल्कनीत गेल्या. काठ्या काढायच्या तर वेल सोडवायला हवा होता आणि वालाचा वेल घट्ट बसला होता. मी कात्री नेऊन दिली. त्यांनी ती बाजूला ठेवली. एक एक फेरा उलटा काढत, पान न तोडता, ऊन डोक्यावरून कलेपर्यंत त्या बसून होत्या. अजित दारात उभा राहिला.

"ताई, दुकानातून नव्या आणून देतो. गुपचूप फाटकाशी ठेवून येऊ."

"खूण नवी आणत नसतात, अजित. जिथली तिथं लावतात."

वेल सुटल्यावर फरशीवर लोळला, झोपेतून उठवलेल्या पोरासारखा.

शेतकऱ्याचं नाव तेउनिस. घर फाटकाच्या पलीकडे, कौलारू, पुढं स्वच्छ आवार. आवारात तो यंत्राचं काहीतरी धूत होता. आम्हाला पाहून त्यानं हात वर केला, तिथंच थांबा म्हणून. त्या दिवसांत सगळेच असा हात करायचे, तरी वन्सं दचकल्या. मग त्या दोन पावलं पुढं गेल्या, काठ्या जमिनीवर ठेवल्या आणि मागं आल्या.

"सांग त्याला. मी काढल्या. पडलेल्या नव्हत्या."

माझं डच भाजीबाजारापुरतं. त्यात 'मी', 'ती', 'पक्षी' आणि 'माफ करा' हे शब्द कसेबसे जोडले. तेउनिसनं नळ बंद केला.

"कशाला?" त्यानं विचारलं.

"शेंगांच्या वेलाला."

तो काठ्यांकडे बघत राहिला. बांबूवर अजून वेलाच्या एका शेंड्याचं वेटोळं होतं, तेवढं एक निघालं नव्हतं. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मी ट्रॅक्टरवरून उतरलो तेव्हा मला कळलं," तो म्हणाला. "त्याआधी नाही." आणि मग, "वाट उघडणार नाही. उन्हाळाभर नाही."

मी वन्संना सांगितलं.

"उघडू नका म्हणावं."

मी तसं सांगितलं तेव्हा त्यानं पहिल्यांदा वन्संकडे नीट पाहिलं. आम्ही वाट मागायला आलोय असं समजून त्यानं 'नाही' तयार ठेवला असावा. आता तो 'नाही' त्याच्या हातातच राहिला.

त्यानं वाकून काठ्या उचलल्या. लांबच्या, अजून न पेरलेल्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथं पुन्हा अंडी घातली आहेत, असं काहीसं म्हणाला, आणि आम्हाला 'या'ही न म्हणता, 'जा'ही न म्हणता, तिकडे चालू लागला. आम्ही आवाराच्या कडेला उभ्या राहिलो. दूर तो लहान होत गेला. मग टिटवी उठली आणि त्याच्या डोक्यावर गिरक्या घेत ओरडायला लागली.

"त्यालाही ओरडतेय," वन्सं म्हणाल्या. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या आवाजात जीव आला होता. "मालक असला तरी."

त्यानं एक काठी रोवली, बरीच पावलं टाकली, दुसरी रोवली. आमच्याकडे वळून हात वर केला. निरोप होता की 'तिथंच राहा' होतं, कळलं नाही. आम्ही तिथंच राहिलो, आणि मग परतलो.

विमान अजूनही नव्हतं. घर तेवढंच, बाल्कनी तेवढीच. वालाच्या वेलाला आर्यानं आपली जुनी स्किपिंगची दोरी बांधून दिली, अर्धा वाचला. वन्सं आणि मी पुन्हा चालायला जाऊ लागलो, फक्त पट्टीपर्यंत. पट्टीपाशी थोडा वेळ उभं राहायचं, आत बघायचं आणि वळायचं. मका बोटभर वर आला होता. लांबच्या कोपऱ्यात एक न पेरलेला तुकडा, दोन्ही बाजूंना नारिंगी टोकं.

एका रविवारी तिथं सायकलवाला आला. झकपक कपडे, डोळ्यांवर चष्मा. सायकल कुंपणाला टेकवली, पाटीकडे नजर टाकली आणि एक पाय उचलून पट्टीपलीकडे टाकला.

"ओ भाऊ!"

वन्संचा आवाज मोजणीच्या कचेरीतला होता. तो सायकलवाला एक पाय आत, एक बाहेर, असा थबकला.

"कुठं निघालात? हद्द दिसत नाही का? पाटी कशाला लावलीय?"

मराठीत. अस्सल साताऱ्याच्या. त्याला शब्द कळले नसतील, बाकी सगळं कळलं. तो माझ्याकडे वळून काहीतरी म्हणाला.

"काय म्हणतोय?"

"विचारतोय, ही जमीन तुमची आहे का."

वन्संनी आर्याच्या जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली.

"सांग त्याला, नाही. म्हणूनच."

मी सांगितलं. त्यानं जरा विचार केला आणि पाय मागं घेतला. रानात टिटवी ओरडली, आमच्यावर नाही, कुठल्याशा कावळ्यावर. माझा हात सवयीनं वन्संच्या पर्सकडे गेला, फोन द्यावा म्हणून. त्यांनी मान हलवली.

"राहू दे. तिचं काम चाललंय," त्या म्हणाल्या, आणि आम्ही घराकडे वळलो.