पोस्टकार्डाएवढे आबाजी

मी एक जुना फोटो प्रिंटर आहे. कासारवाडी स्टेशनाजवळ श्रीपाद यांच्या स्टुडिओत माझा मुक्काम असतो. मित्रांनो, मी एका दमात फोटो छापत नाही. कागद चार वेळा आत-बाहेर करतो. आधी पिवळा रंग, मग गुलाबी, मग निळा, शेवटी चकाकी. पिवळ्या फेरीत प्रत्येक माणूस कावीळ झाल्यासारखा दिसतो. माझा जीव दर वेळी तिथेच टांगणीला लागतो.

मी नवा होतो तेव्हा बारशाचे, साखरपुड्याचे फोटो छापायला रांग लागे. माझ्या रंगांचे कौतुक होई. पुढे फोटो मोबाइलवरून थेट इंटरनेटवरच्या साइटवर जाऊ लागले आणि माझ्यावर कापड पडले. माझी रंगाची रिबीनही बाजारात मिळेनाशी झाली. शेवटच्या रिबिनीवर तीनच फोटो उरले होते, तेव्हा तेजस्विनी तिच्या आईला, शालनबाईंना घेऊन आली.

तेजस्विनीचे वडील आबाजी जाऊन आठ दिवस झाले होते. दहाव्याला ठेवायला घरात फोटो नव्हता. चाकणच्या कंपनीत खंडेनवमीला, झेंडूचे हार घातलेल्या मशीनजवळ काढलेला एक फोटो त्यांना फार आवडे. तो त्यांनी साइटवर टाकला आणि मोबाइल भरला म्हणून मूळ फोटो पुसून टाकला. वर ठेवलाय, आता तो सुखरूप आहे, असे ते सगळ्यांना सांगत.

साइट फोटो आकसून ठेवते, त्यामुळे तिथून उतरवलेला तो फोटो अगदी लहान होता. श्रीपादांनी तो मोठा करताच चेहऱ्याचे चौकोन झाले. मग त्यांनी नव्या सॉफ्टवेअरने चेहरा साफ केला आणि अंगात कोट घालू का, असे विचारले.

"लग्नातबी घातला नव्हता," शालनबाई म्हणाल्या.

मी पहिला फोटो छापला. तेजस्विनीला तो बरा वाटला. शालनबाईंनी मात्र कागद खाली ठेवला.

"हे ते न्हाईत."

"आई, फक्त साफ केलाय."

"डोळ्यात लोखंडाची कच गेली व्हती त्यांच्या. डावा डोळा बारीक हाय. ह्या माणसाचे दोन्ही सारखे हायेत."

तेजस्विनीने कागद उचलून डोळ्यांजवळ धरला. तिच्या ते लक्षात आले नव्हते.

दुसरा फोटो साफ न करता मोठा छापला. त्यात डावाच काय, उजवा डोळाही दिसेना. आता एकच उरला होता. श्रीपाद म्हणाले की दुसरीकडे चौकशी करून बघा. तेजस्विनीने विचारले, "ते तेच दिसतील, असा मोठ्यात मोठा केवढा निघेल?"

"पोस्टकार्डाएवढा."

मी कागद आत ओढला. पिवळी फेरी झाली, गुलाबी झाली. निळीत रिबीन करकरली. तुटली असती तर आबाजी अर्धेच राहिले असते. पण ती टिकली. शालनबाईंनी ओला नसलेला फोटोही पदराने टिपला आणि डाव्या डोळ्यावर बोट ठेवले.

"लांबून दिसायचा नाही गं," तेजस्विनी म्हणाली.

"मग जवळ येतील लोक."

मित्रांनो, माझे काम आता संपले. साइट म्हणजे घरातले कपाट नव्हे. आपल्या माणसांचे मूळ फोटो जपा, ती माणसे असतानाच छापून घ्या. आणि कुणाचा चेहरा सुंदर करायला निघालात, तर आधी त्याच्या घरी विचारा.