म्हस्कूच्या माईकवरून पुकारलेलं नाव

मी माईक बोलतोय. तसा रोजच बोलतो, पण ते दुसऱ्याचं. कुणीतरी तोंड जवळ आणून "हॅलो, हॅलो" म्हणायचं, माझ्या डोक्यावर टिचक्या मारायच्या आणि मी ते सगळं वायरीतून वरच्या कर्ण्याकडे ढकलायचं, हा माझा जन्माचा धंदा. आज स्टेज नाही, कर्णा नाही. तेव्हा जरा जवळ सरका, आवाज लहान आहे.

माझा स्वभाव आधीच सांगून टाकतो. मला स्वस्थ बसवत नाही. समोर काही बिनसायला लागलं की मी शिट्टी मारतो. लोक कानावर हात ठेवतात, कुणी म्हणतं माईक खराब झालाय, कुणी म्हणतं मशिनचा आवाज कमी करा. मला काय म्हणायचंय हे मात्र आजवर कुणी विचारलं नाही.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवतं ते पुण्यातल्या दुकानाचं काचेचं कपाट आणि तिथून मला शर्टाच्या आत घालून एस.टी.नं घरी नेणारा म्हस्कू. नव्वद सालानंतरची गोष्ट. तळेगाव ढमढेऱ्यात त्याचं मंडप-स्पीकरचं काम होतं. लग्नं, बारशी, निवडणुका, कुस्त्यांचे आखाडे, सगळीकडे आम्ही बरोबर. म्हस्कूला धंद्यापेक्षा बोलण्याची हौस जास्त. मला हातात घेतलं की तो छाती फुगवून उभा राहायचा आणि घरी बायकोशी कधी बोलला नसेल इतकं गोड बोलायचा.

आमच्याकडे आखाड्यात एक रीत आहे. मानाचा माणूस आला की माईकवरून त्याचं नाव पुकारायचं. काही मंडळी तर नाव येईपर्यंत कडेलाच घुटमळत उभी राहतात आणि नाव ऐकलं की टोपी सारखी करत पुढं येतात. एकदा एका सरपंचाच्या मेहुण्याचं नाव राहिलं. तो रुसून निघून गेला आणि त्या घरच्या लग्नाचं काम दुसऱ्या स्पीकरवाल्याला गेलं. तेव्हापासून म्हस्कूनं कानाला खडा लावला. कडेला कुणी ओळखीचा दिसला की त्याचं नाव घ्यायचंच, मग तो मानाचा असो नाहीतर नुसता बैल बांधायला आलेला असो.

सतीशची आणि माझी पहिली गाठ मांडवगण फराट्याच्या आखाड्यात पडली. दुपारची जेवणाची सुट्टी होती. म्हस्कूनं मला फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवलं होतं आणि तो पंगतीला गेला होता. तेवढ्यात वर काहीतरी खडखडलं आणि फडक्याच्या नि पेटीच्या फटीतून मला दिसलं. कंपनीचा निळा शर्ट घातलेला एक जवान पोरगा खांबावर चढून कर्ण्याची वायर ओढत होता. "सारखं माझं नाव घेतोय, बंद करा," म्हणत होता. लोकांनी त्याला खाली ओढला. कुणी म्हणालं प्यालाय, कुणी एक ठेवूनही दिली.

त्याची आई जाईबाई अनवाणी पळत आली. तिनं त्याला पोटाशी धरलं आणि परत परत एकच सांगत राहिली, कुणी बोलत नाही बाळा, कुणी तुझं नाव घेत नाही. तो तिच्याकडं बघून म्हणाला, "तू खोटं बोलतीस." पेटीतल्या अंधारात माझा जीव नुसता तळमळला. मी अक्षर बोललो नव्हतो आणि आळ माझ्यावर आला होता.

तेव्हा म्हस्कूही पोरगा प्यालाय असंच समजला; खरं काय ते त्याच्या तोंडून मला फार पुढं, तुकड्यातुकड्यानं कळलं. सतीश रांजणगावला कंपनीत लागला होता, काम चांगलं करायचा. मग त्याला आवाज यायला लागले. देवळाच्या कर्ण्यातून, जीपच्या टेपमधून, कधी नुसत्या भिंतीतून. नोकरी सुटली. कानात कापूस घालून तो खोलीत बसून राही. जाईबाईनं अंगारे लावले, लिंबं उतरवली, देवऋषी केला. भाऊबंद म्हणाले, लग्न करून टाका, ताळ्यावर येईल. आई प्रत्येक वेळी "न्हाई रं, कुनी न्हाई बोलत" म्हणायची आणि प्रत्येक वेळी तिच्यावरचा त्याचा विश्वास आणखी थोडा उडायचा.

दोन हजार साल उलटून गेलं आणि पुण्याच्या एका संस्थेचं काम म्हस्कूकडे आलं. मनाच्या आजारांची माहिती गावोगाव सांगायची, सोबत डॉक्टर सुषमाताई पेशंट तपासणार. डॉक्टरांना ऐकायला कोण येतं, म्हणून संस्था एखादं नावाजलेलं माणूस बरोबर आणायची. तळेगावात टीव्हीवरची एक नटी आली. ती बिचारी कळकळीनं बोलली, पण बायकांचं सगळं लक्ष तिच्या साडीच्या काठाकडं. शिरूरला एक कीर्तनकार बुवा आले. ते इतकं छान बोलले की प्रत्येकाला वाटलं, हे शेजारच्यासाठी चाललंय.

मग आला पैलवान हरिबा कोकरे. त्याचा फोटो तालुक्यातल्या एकूण एक सलूनमध्ये टांगलेला. एक मोठी कुस्ती हरल्यावर या माणसानं स्वतःला खोलीत कोंडून घेतलं होतं. खाणं सुटलं, बोलणं सुटलं. सुषमाताईंच्या औषधांनी तो उठला होता आणि हे सगळं लोकांना सांगायचं त्यानं स्वतःहून कबूल केलं होतं. पण सत्काराचा फेटा डोक्यावर चढला की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. कवठे येमाईला तो मला हातात घेऊन म्हणाला, जोर मारा, बैठका मारा, दूध प्या, मन आपोआप घट्ट होतं. टाळ्या पडल्या. मी शिट्टी मारली. सुषमाताई मान खाली घालून बसल्या. नंतर लिंबाखालच्या त्यांच्या टेबलापाशी कुत्रंसुद्धा फिरकलं नाही, आणि फिरकणार तरी कसं? त्या टेबलाकडे जो जाईल तो वेडा, हे गावानं मनात ठरवूनच टाकलं होतं.

मांडवगणला तेच. जाईबाई पदर ओढून लांब उभी होती, ती टेबलापर्यंत काही आली नाही. आम्ही सामान आवरताना मात्र म्हस्कूला तिनं हळूच विचारलं, पुढचा कार्यक्रम कुठं? म्हस्कूनं सांगितलं, दौंडला. त्याला वाटलं, बाईंना पैलवानाचं भारी कौतुक दिसतंय.

दौंड म्हणजे रेल्वेचं गाव. दहा मुलखांची माणसं, कोण कुणाचा हे कुणी विचारत नाही. नदीपलीकडच्या त्या गावात आपल्याला ओळखणारं कुणी भेटणार नाही, असा जाईबाईचा हिशेब. सतीश आधी तयारच नव्हता. शेवटी एका अटीवर आला. स्पीकरवाल्यानं नाव घेतलं तर तिथूनच माघारी फिरायचं आणि पुन्हा डॉक्टरचं नाव काढायचं नाही. आईनं शब्द दिला, कुणी तुझं नाव घेणार नाही. हे तिनंच पुढं म्हस्कूला सांगितलं, म्हणून मला ठाऊक. त्या दिवशी आम्हाला दोघांनाही यातलं काही माहीत नव्हतं.

भर उन्हाळ्यात मफलरनं कान बांधलेला सतीश आणि त्याची आई रसाच्या गाड्याआड येऊन थांबली. पुढं यावं की न यावं, अशी कडेला घुटमळत. म्हस्कूनं त्यांना बघितलं आणि त्याचा ऊर भरून आला. मांडवगणची माणसं एवढ्या लांबून आली, ओळखीची, आणि नावाची वाट बघत उभी! त्यानं मला तोंडाजवळ घेतलं.

खांबावर चढलेला तो पोरगा मला आठवला आणि मी कानठळ्या बसतील अशी शिट्टी मारली. म्हस्कूनं मला तळहातावर आपटलं, मशिनची कळ जरा फिरवली आणि पुन्हा तोंडाला लावलं.

"मांडवगण फराट्याहून खास आपल्या कार्यक्रमासाठी आलेल्या जाईबाई शेंडगे आणि त्यांचे चिरंजीव सतीश, यांचं संस्थेच्या वतीनं हार्दिक स्वागत. त्यांनी पुढं यावं."

आणि मला ते नाव कर्ण्याकडे ढकलावं लागलं. स्टेशनच्या रस्त्यापर्यंत गेलं ते.

सतीशनं मफलर सोडला. माघारी न फिरता तो सरळ गर्दी कापत स्टेजकडं आला, आई मागून त्याचा शर्ट धरायला बघत होती. वर चढून त्यानं म्हस्कूच्या हातातून मला हिसकावलं. तो आईकडं वळला. "आता तरी खरं सांग. घेतलं का न्हाई माझं नाव?"

हे माझ्यातून सगळ्या मैदानानं ऐकलं. एकच गलका झाला. येडा हाय, धरा त्याला. कुणीतरी हिंदीत पोलिसांना बोलवा म्हणालं. पुढच्या रांगेतली पोरं पैलवानाला सांगायला लागली, उचला आन् टाका खाली. हरिबा उठून उभा राहिला तशी लोकांना मजा बघायची घाई झाली. आपण काय करून बसलो हे म्हस्कूला आता उमगायला लागलं होतं.

जाईबाई स्टेजच्या पायरीवर थांबली. नेहमीचं "न्हाई" तिच्या ओठावर आलेलं मला दिसलं. ते म्हणाली असती तर पोरगा हातचा गेला असता. आणि हो म्हणावं, तर त्याचे सगळे आवाज खरे ठरणार.

"घेतलं," ती म्हणाली. "मी बी ऐकलं."

बारीक आवाजात सतीशनं विचारलं, "मग रोजचं?"

"रोजचं मला ऐकू येत न्हाई, बाळा. तुला येतं. मी खोटं बोलत न्हवते. आन् तू बी न्हाई."

तो मटकन खाली बसला. मला मात्र त्यानं सोडलं नाही. हरिबा त्याच्यापाशी आला. लोकांना वाटलं, आता पट काढून आपटणार. पैलवानानं डोक्यावरचा फेटा उतरवला, बाजूला ठेवला आणि तो एवढा मोठा देह त्या पोराशेजारी फळ्यांवर मांडी घालून बसला. तोंड माझ्याजवळ आणलं.

"मला आवाज येत न्हवते," तो म्हणाला. "मला उठायलाच यायचं न्हाई. जगावंसं वाटायचं न्हाई. ह्या ताईंच्या गोळ्या खाल्ल्या म्हनून हितवर आलो. दूध पिऊन न्हाई झालं ते. अजून बी खातो गोळ्या."

टाळी पडली नाही. गर्दीतली पोरं इकडंतिकडं बघायला लागली. सुषमाताई उठल्या, म्हस्कूला हलक्यानं म्हणाल्या की आता माईक बंद करा. म्हस्कूनं माझी कळ खाली ओढली आणि ताई सतीशला आपल्या टेबलाकडं घेऊन गेल्या. त्यामुळं त्या टेबलापाशी पुढं काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही, आणि ते माझ्यापर्यंत यायलाही नको होतं. एवढंच दिसलं की सतीश खुर्चीत बसला होता आणि टेबलाजवळच्या पाण्याच्या पिंपाशी, तहान नसलेली चार-दोन माणसं आपला नंबर कधी येतो ते बघत उभी होती.

त्याला आता बरीच वर्षं झाली. हरिबानं नंतर गावोगाव तेच सांगितलं, फेटा न बांधता. म्हस्कू नाव पुकारायच्या आधी जाऊन विचारून येतो. चारदोन मानकरी त्यामुळं रुसले, त्यालाही इलाज नाही. माझ्या मानेला चिकटपट्टी गुंडाळलीय. बिनवायरीचे नवे माईक आलेत, ते लग्नाला जातात. मला लहानसहान आखाड्यांना नेतात. शिट्टी अजून मारतो.

सतीश डेअरीवर दूध मोजतो. गोळ्या चालू आहेत. पार बरा झाला असं मी म्हणणार नाही, कुणी म्हटलं तर मला ते खपणारही नाही. तुमच्याकडं मात्र एक मागणं आहे. तुमच्या घरात कुणी असं काही विचारलं तर हसू नका, दटावू नका. ऐकलं असेल तर ऐकलं म्हणा, नसेल तर नाही म्हणा, आणि त्याच्याजवळ थांबा. हे मी जाईबाईकडून शिकलो.

परवा मांडवगणच्या कुस्त्या संपल्या. म्हस्कू वायरी गुंडाळत होता, मी टेबलावर पडून होतो. मायलेक बाजार घेऊन घरी निघाले होते. कर्ण्याखाली येताच सतीशचा पाय अडखळला. त्यानं विचारलं, "आई, आत्ता कुनी नाव घेतलं माझं?"

जाईबाई थांबली. तिनं कान देऊन ऐकलं, अगदी मनापासून ऐकलं. मग म्हणाली, "न्हाई. मला न्हाई आलं ऐकू."

तो वर कर्ण्याकडं बघत उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, आवाज थांबलेला नव्हता. माझी कळ बंद होती, वायर निघालेली होती, आणि मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, मी नाही बोललो.

"बरं," सतीश म्हणाला. त्यानं आईच्या हातातली पिशवी घेतली आणि दोघं चालायला लागली.