हुकूम देणारीचं मत

त्या पुस्तकावर अख्ख्या मोहल्ल्यानं मत देऊन झालं होतं, माझंच तेवढं राहिलं होतं. वाचनालय माझं, पुस्तक माझं, पण वाचायला सवड कोणाला? गोळीबार चौकातल्या आमच्या घराची पुढची खोली म्हणजे वाचनालय, मागच्या दोन खोल्या म्हणजे संसार, आणि दोन्हीकडे हुकूम माझाच. लोक म्हणायचे, देवकीबाई, नशीब काढलं तुम्ही. मी हसायचे. खरं तर हसायचाही कंटाळा यायचा, पण दारात आलेल्या वाचकापुढे तोंड वाकडं करून कसं चालेल?

आणीबाणी उठून वर्ष झालं होतं. पाककृतींच्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात हे एक भलतंच पुस्तक आलं, 'राजीखुशीचा हुकूम'. लिहिणारी कोणी डॉक्टरीणबाई. काही जोडप्यांत एकाला हुकूम द्यायला आवडतं आणि दुसऱ्याला मानायला, दोघं मनापासून राजी असतील तर त्यात वावगं काही नाही, आणि राजी नसताना चालवला तर तो नुसता जुलूम, असं बाईंचं म्हणणं. कसं ठरवायचं, कुठे थांबायचं, सगळं समजावून सांगितलेलं. परत पाठवायचा खर्च कोण करणार, म्हणून मी ते कव्हर घालून फळीवर ठेवून दिलं.

पहिलं नेलं ते चंपतरावांनी. तहसील कचेरीतून रिटायर झालेला माणूस, सगळ्या जगावर शेरा मारायची सवय अजून गेलेली नाही. आठवड्यानं आले आणि पुस्तक माझ्या टेबलावर आपटलं.

"असली पुस्तकं ठेवता तुम्ही? आयाबहिणी येतात इथं!"

"आठवडाभर तुमच्याकडेच होतं न काका?"

"तपासून राहिलो होतो."

"मग सहाव्या प्रकरणाचं पान काहून दुमडलं?"

काका चष्मा पुसत बसले. जाताना दाराशी थांबून हळूच म्हणाले, "बाई लिहिते चांगली, पण." आणि छत्री उघडून उन्हात निघून गेले.

मग शेजारच्या प्रयागबाईंनी नेलं. त्या मूळ पारशिवनीकडच्या, जन्म शेतात गेला, आता पोराकडे येऊन राहिलेल्या. ओळीखाली बोट फिरवत वाचायच्या, त्यामुळे पुस्तक बरेच दिवस त्यांच्याकडेच होतं. परत द्यायला आल्या तेव्हा पदरानं वारा घेत खुर्चीत बसल्या.

"यात नवं काय हाये वं देवकी? हुकूम तं मी जन्मभर मानला. सासऱ्याचा मानला, नवऱ्याचा मानला, आता पोराचा मानून राहिली. राजी हायेस का म्हणून मले कोणी विचारलं नाही, एवढाच काय तो फरक."

"पण पुस्तक आवडलं का?"

"आवडून काय करू माय? आता कोण विचारणार हाये मले?"

एवढं बोलून त्या एक भजनांचं पुस्तक घेऊन गेल्या. मला दुपारभर काही सुचलं नाही.

आणि तिसरी प्रेमिला. टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर, नवीनच लग्न झालेली, हसरी पोर. तिनं मुदत दोनदा वाढवून घेतली. मी चिडवलं, "काय वं, पाठ करून राहिली का?" तशी लाजून लाल झाली. पण कोणी नाही बघून स्वतःच बोलायला लागली.

"दिवसभर हॅलो हॅलो करून डोकं शिणते हो काकू. घरी आल्यावर घटकाभर कोणी सांगावं अन् मी मुकाट करावं, मले बरं वाटते. त्यांलेही आवडते. पण मी राजी आहे तोवरच."

"अन् नसली तं?"

"त्या पुस्तकात आहे न, दोघांनी एक शब्द ठरवायचा. एरवी तोंडात येणारच नाही असा. दोघांपैकी कोणीही तो म्हटला की सगळं थांबलं पाहिजे. रागवायचं नाही, कारण विचारायचं नाही."

"मग तुमचा शब्द कोणता?"

ती पदराआड हसली. "त्यांचं नाव. ते मी एरवी कुठं घेते?"

मला हेवा वाटला, खोटं कशाला सांगू? त्या दोघांच्या लाडाचा नाही. हेवा वाटला तो थांबायच्या शब्दाचा.

"तुमचं काय मत आहे काकू?" जाताना तिनं विचारलं.

"मी अजून वाचलंच नाही," मी म्हटलं.

आता आमच्या यांच्याबद्दल सांगते. हे हिंगण्याला फॅक्टरीत फिटर. सकाळी कंपनीची बस न्यायची, संध्याकाळी आणून सोडायची. स्वभावानं गाय. दारू नाही, शिवी नाही, आवाज चढवणं नाही. तिथं साहेब सांगेल ते करायचं, इथं मी सांगेन ते. घरात आल्यावर पिशवी घेऊन विचारायचे, "कोणती भाजी आणू?" मी म्हणायचे, आणा तुम्हाला वाटेल ती. "नाही, तू सांग." पोराला कोणत्या शाळेत घालायचं? तू म्हणशीन तसं. भावकीत लग्नाला जायचं की नाही? तू म्हणशीन तसं. शर्टाचं कापडसुद्धा मीच पसंत करायचं. बायका म्हणायच्या, असा नवरा मिळायला पुण्य लागतं. मला वाटायचं, एक दिवस तरी या माणसानं माझ्यावर ओरडून सांगावं की मला हेच पाहिजे.

सासऱ्यांच्या हर्नियाच्या ऑपरेशनाच्या वेळीही असंच. करायचं की नाही, यांनी माझ्याकडे पाहिलं. मी करा म्हटलं. वय झालेलं, त्यात दमा. ते काही टेबलावरून उठले नाहीत. तेराव्याला जो येईल तो विचारायचा, काय झालं, कसं झालं, आणि हे प्रत्येकाला सांगायचे, "देवकी म्हणाली करा, म्हणून केलं." मनात काही काळंबेरं ठेवून नाही हो. सरळ जे घडलं ते सांगत होते. मी स्वयंपाकघरात वाढायची पानं पुसत ऐकत होते, आणि त्या दिवसापासून माझ्यातलं काहीतरी दमून गेलं ते गेलंच.

आणि आता यांच्याच पित्ताशयात खडे निघाले. कळ आली की माणूस भिंत धरून उभा राहायचा. धंतोलीतले डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून टाका, फार थांबू नका. "काय मधुसूदनराव, काय करायचं?" यांनी माझ्याकडे पाहिलं. डॉक्टर हसले, "वा, होम मिनिस्टरांची परवानगी पाहिजे!" मला ते हसणं सहन झालं नाही. सोमवारी कळवतो म्हणून आम्ही उठलो.

तर त्या रविवारी दुपारी मी पुस्तक घेऊन बसले. हे कूलरसमोर पडले होते, वाळ्याचा ओला वास खोलीभर होता. चंपतरावांनी दुमडलेलं सहावं प्रकरण उघडलं. वाटलं होतं काही चावट असेल. तर बाईंनी लिहिलं होतं की सगळे हुकूम मानणाऱ्याची काळजी करतात, पण हुकूम देणाऱ्यालाही विचारावं लागतं. हे ओझं उचलायला तू राजी आहेस का, म्हणून. तो राजी नसेल तर तोही जुलूमच. मी तेवढंच वाचलं आणि पुस्तक मिटलं.

हे उठून बसले तशी मी म्हटलं, "उद्या डॉक्टरले सांगायचं आहे."

"हाव."

"मग?"

"तू म्हणशीन तसं."

"मी काही म्हणणार नाही."

"असं काय करते वं? तू हो म्हण, मी आत्ता पिशवी भरतो. नको म्हण, नाही जात."

"पोट तुमचं आहे न?"

"माझं डोकं नाही चालत यात. तुझं चालते."

"बाबांच्या वेळी बी माझंच चाललं होतं. अन् तेराव्याले तुम्ही लोकायले काय सांगितलं?"

हे गोंधळले. "खोटं तं नाही सांगितलं. तूच म्हटलं होतं." मग तसंच लहान पोरासारखं तोंड करून म्हणाले, "सांग न वं. तू सांगितलं की मले बरं वाटते."

"मधुसूदन," मी म्हटलं.

लग्नातल्या उखाण्यानंतर ते नाव माझ्या तोंडून निघालं नव्हतं. यांनी आधी दाराकडे पाहिलं, कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून. मग माझ्याकडे. आमचा काही शब्द ठरलेला नव्हता, त्यांनी पुस्तकही वाचलेलं नव्हतं, पण माणूस गप्प झाला तो झालाच.

"बस झालं आता," मी म्हटलं. "मी थकली हुकूम देऊन देऊन. तुम्हाले मानायचं सुख आहे, पण द्यायले राजी आहेस का म्हणून मले कोणी कधी विचारलं? भाजी सांगीन, शर्ट सांगीन. पण तुमचं पोट फाडा म्हणून मी सांगणार नाही. उद्या काही इकडचं तिकडं झालं, तं ते डोक्यावर घेऊन मी कशी जगू?"

आणि मला रडू फुटलं. वाचनालयात कोणी येईल याचीही मला पर्वा राहिली नाही.

हे पलंगाच्या कडेला बसून राहिले. हात मांडीवर, नजर फरशीवर. मग म्हणाले, "मले भेव वाटते."

"कशाचं?"

"बाबा उठलेच नाही न. मी म्हटलं, तू सांगशीन तं तुझ्या भरवशावर जाईन. माझ्या भरवशावर जायची हिंमत नाही होत."

"मले बी भेव वाटते."

"तुले?" त्यांनी मान वर केली. एवढं नवल मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. "तुले बी वाटते?"

"मग! मी काय दगडाची आहे?"

मग ते उठले, नळावर तोंड धुतलं, टॉवेलात तोंड खुपसूनच म्हणाले, "करून टाकू. पाऊस लागायच्या आधीच. उद्या मीच बोलतो डॉक्टरशी. सही बी मी करतो." टॉवेल तारेवर टाकला, खिळ्यावरची पिशवी काढली आणि दाराकडे निघाले. मी वाट पाहत राहिले, आता विचारतील, कोणती आणू? चपला घालून गेलेसुद्धा.

अंधार पडायच्या आत आले आणि पिशवी माझ्यापुढे ठेवली. आत नुसती कारली. हिरवीगार, काटेरी, चांगली पिशवीभर.

"हे काय?"

"कारली. मले आवडतात."

"कधीपासून?"

"पहिलेपासून. आई करायची."

मी कारलं तोंडात घालत नाही. म्हणून इतक्या वर्षांत कधी आणायला सांगितलंच नव्हतं, आणि यांनी कधी मागितलं नव्हतं. मी विळी घेतली. चकत्या केल्या, मीठ लावून पिळल्या, भरपूर कांदा घालून कुरकुरीत परतल्या. हे पाट ओढून चुलीजवळच येऊन बसले. पहिला घास घेताना त्यांनी डोळे मिटले.

मी बाजूला बसून एक चकती तोंडात टाकली. कडूजहर.

"कशी झाली?" त्यांनी विचारलं.

"मले नाही आवडली," मी खरं ते सांगितलं.

"बरं," ते म्हणाले आणि उरलेली सगळी भाजी आपल्या ताटात ओढून घेतली.