पळत्या मुलांचा कॅमेरा

आमच्या घरात कुठलीही वस्तू सरळ विकत येत नाही. नवऱ्याचं काम वजनकाटे दुरुस्त करायचं, त्यामुळे कुठलीही गोष्ट दुसऱ्या गोष्टीसमोर ठेवून जोखल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. साधी इस्त्री घ्यायची तर चार दुकानांतल्या इस्त्र्या हातात धरून बघणार, डोळे मिटून. मी एकदा विचारलं होतं, "लग्नाच्या वेळी माझ्यासमोर कोणाला ठेवून बघितलंस?" तर म्हणे, "तेव्हा घाईत होतो."

कॅमेऱ्याचं मात्र मीच काढलं, आणि लगेच हवा म्हणून हट्ट धरला.

बाळ वेळेच्या फार आधी आलं होतं. दुसरा आठवडा चालू होता तरी ते हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर, काचेच्या खोलीत, काचेच्या पेटीतच होतं. खोलीत फक्त बाळाच्या आईला सोडत. तेही दूध द्यायच्या वेळी, कोपरापर्यंत हात धुऊन, हातात काहीही न घेता. मोबाइल दारातल्या टोपलीत काढून ठेवायचा. वडिलांनी बाहेरच्या पॅसेजमधून, काचेतून बघायचं. आमची पेटी सगळ्यात शेवटची, पार भिंतीकडे. नवऱ्याला तिथून निळा उजेड दिसायचा, नळ्या दिसायच्या, आणि त्यांच्यामध्ये काहीतरी हलल्यासारखं वाटायचं. तेवढ्यावर तो रोज घरी येताना म्हणायचा, "आज जास्त हलत होता, नाही?"

घरी चार वर्षांची मुलगी. एका जागी बसत नाही आणि मिळेल ते गालात साठवून ठेवते म्हणून आम्ही तिला खार म्हणतो. आई मोठं पोट घेऊन गेली आणि रिकामी परत आली, एवढंच तिने पाहिलेलं. जिन्यात भेटेल त्याला ती सांगत सुटली होती, "आमचं बाळबीळ काही नाहीये. आई खोटं बोलते." एकदा मला समजावत म्हणाली, "तू तिकडे विसरली असशील त्याला. माझी टोपी विसरलीस ना बागेत, तशी."

बाहेरून, काचेतून फोटो काढायला हरकत नाही, असं वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या. फक्त फ्लॅश नको. आमच्या मोबाइलने तिथून नुसता निळा ठिपका यायचा. म्हणून कॅमेरा.

हॉस्पिटलच्या रस्त्यावरच एक दुकान होतं. काउंटरवरच्या मुलीने आमच्यासमोर दोन कॅमेरे ठेवले. एक चंदेरी, जरा जाडसर. एक काळा, सडपातळ.

"दोन्ही पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठीचेच आहेत, दादा. किमतीत एकोणीस-वीस. स्वभाव वेगळे."

"कॅमेऱ्याला स्वभाव?" नवऱ्याची कळी खुलली. असं कोणी बोललं की तो त्या दुकानातून हलत नाही.

"असतो ना. हा चंदेरी लांबचं बघतो, पण आळशी आहे. बटण दाबलं की विचार करत बसतो. हा काळा लांबचं बघत नाही फारसं, पण चपळ. पळती मुलं, उड्या मारणारी मुलं, सगळं टिपतो. वापर कशासाठी आहे?"

"मुलासाठी," नवरा म्हणाला.

"हॉस्पिटलसाठी," मी म्हणाले.

दोघं एकदमच बोललो. मुलीने आळीपाळीने आमच्याकडे बघितलं आणि उगाच फडकं घेऊन काउंटर पुसलं.

"केवढा आहे मुलगा?"

"लहान आहे अजून," नवरा म्हणाला. "पण होईल की मोठा. वर्षभरात पळायला लागतात."

दोन्ही कॅमेऱ्यांत सेल घालून ती आम्हाला दारापाशी घेऊन आली. समोर रस्त्यापलीकडे एक शिंपी मशीनवर वाकला होता. मी चंदेरी कॅमेरा डोळ्यांसमोर धरला आणि वरची कळ सरकवली. भिंग घुरघुरत बाहेर आलं. शिंपी मोठा झाला, मग त्याचे हात, मग सुई आणि दोन बोटांत धरलेलं दोऱ्याचं टोक. त्याने ते ओठात घालून ओलं केलं. रस्ता ओलांडून मी त्याच्या मांडीशी जाऊन उभी राहिल्यासारखं झालं. काळ्यातून तोच शिंपी दुकानाच्या चौकटीत भाताच्या शितासारखा.

"हा," मी म्हणाले.

"थांब गं. तुला काय, पहिलं ताट वाढलं की जेवायला बसतेस." त्याने माझ्या हातातून काळा घेतला. "सेल किती चालतात याचे? पडला तर? अंधारात?" तो विचारत होता, ती सांगत होती, आणि तेवढ्यात कुणा गिऱ्हाइकाची छोटी मुलगी खोक्यांच्या मधल्या वाटेवरून सुसाट धावत आली. नवऱ्याने बटण दाबलं.

"बघ!" त्याने पडदा माझ्यासमोर धरला. "बघ ना. दोन्ही पाय हवेत."

खरंच होते. केस मागे उडालेले, तोंड उघडं, एक चप्पल अर्धी सुटलेली. फोटो फार सुंदर होता. नवऱ्याचा चेहरा इतका उजळलेला मी त्या दोन आठवड्यांत पाहिला नव्हता.

"हाच घेऊ या," तो म्हणाला. "आता काय फोटो काढायचे त्याचे? नळ्याच नळ्या. घरी आला की काढू हवे तेवढे. रांगताना, पडताना. तो चंदेरी तोपर्यंत विचारच करत बसेल."

मी चंदेरी हातातच धरून ठेवला. काय बोलणार होते? मोठ्या सिस्टर पहिल्या आठवड्यात मला घड्याळ दाखवून बाहेर काढायच्या. "चला बाई, झाली वेळ, बाळाला झोपू दे." आता वेळ संपली तरी त्या काही म्हणत नव्हत्या. परवा तर त्यांनी स्वतः स्टूल आणून ठेवलं. "बसा थोडं," म्हणाल्या, आणि माझ्याकडे न बघता निघून गेल्या. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो खूश. "बघ, वशिला लागला तुझा." बाळाचं वजन उतरलं हे सांगितलं तेव्हाही त्याच्याकडे उत्तर होतं. "काटा चुकत असेल त्यांचा. तसले काटे हवेनेसुद्धा हलतात. मी एकदा बघून देऊ का, विचार."

डॉक्टर आम्हा दोघांशी बोलायचे तेव्हा "वाट बघू या" म्हणायचे. नवऱ्याने त्यातलं 'बघू या' तेवढं आशेने उचललं होतं. मी त्यांचा चेहरा बघत होते.

"ताई?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं. "तुमचं काय?"

"खारीला दाखवायचाय," मी म्हणाले. "तिचा विश्वास बसत नाहीये. काळ्यातून काय दिसणार तिला, शीत?"

हे खरं होतं आणि त्याला यावर बोलता येण्यासारखं नव्हतं. पण तो माझ्याकडे बघत राहिला. इस्त्री हातात धरून बघतो तसा, फक्त डोळे उघडे ठेवून.

"एवढी काय घाई आहे पण?" तो हळूच म्हणाला.

"आहे."

"म्हणजे तुला असं वाटतंय की…"

"कॅमेऱ्याबरोबर कव्हर हवंय का?" मुलीने मध्येच विचारलं. तिला कळलं होतं की नाही, कोण जाणे. "निळं आहे आणि करडं आहे."

"करडं द्या," नवरा म्हणाला. मग काळा कॅमेरा उचलून त्याने तो पळत्या मुलीचा फोटो पुन्हा एकदा पाहिला आणि पुसून कसा टाकायचा ते विचारलं.

निघताना दुकानातल्या मुलीने मला युक्ती सांगितली. फ्लॅश बंद ठेवायचा, भिंग अगदी काचेला टेकवायचं, कोपरं कशावर तरी रोवायची, आणि बटण दाबल्यावर श्वास धरायचा. "आळशी आहे ना तो. तुम्ही हललात तर फोटो गेला."

तिथून तसेच हॉस्पिटलमध्ये गेलो. दूध द्यायची वेळ व्हायची होती. पॅसेजमध्ये दुसरे एक वडील बाकावर बसल्याबसल्या पेंगत होते. मी कॅमेरा बाहेर काढला तर नवरा म्हणाला, "आण इकडे. तुझा हात हलेल." त्याने खिडकीच्या कठड्यावर कोपरं टेकली, भिंग काचेला लावलं. मी त्याच्या खांद्यावरून पडद्यात बघत होते.

भिंग घुरघुरत बाहेर आलं. आधी पुढच्या पेट्यांच्या कडा आल्या आणि बाजूला गेल्या. मग निळा उजेड. मग नळ्या. "थांब, थांब," तो स्वतःशीच पुटपुटला, "कुठे आहेस रे राजा," आणि मग बाळ आलं.

त्याचा अंगठा कळीवरच थांबला.

मी रोज बघत होते, त्याने पहिल्यांदा पाहिलं. डोळ्यांवर पांढरी पट्टी, दिव्याचा त्रास होऊ नये म्हणून. गालावर चिकटपट्टी, तिने ओठाचा कोपरा एका बाजूला ओढलेला. खांद्यावर बारीक लव. हात एवढासा की मनगट कुठे संपतं ते शोधावं लागावं. आणि छाती. दर श्वासाला फासळ्यांखालची कातडी आत जात होती, आतून कोणीतरी मुठीने ओढावी तशी. पुन्हा वर. पुन्हा आत.

"हे असं रोज?" त्याने विचारलं.

"काय?"

"छाती."

"हो."

"तू सांगितलं नाहीस."

"श्वासाला थोडा त्रास होतो, म्हटलं होतं ना मी."

"थोडा," तो म्हणाला.

त्याने बटण दाबलं. कॅमेऱ्याने विचार केला आणि फोटो काढला. त्याने अजून दोनदा दाबलं. मग नुसताच बघत राहिला. बराच वेळ काही केलं नाही की पडदा आपोआप विझायचा. विझला की तो पुन्हा सुरू करायचा, पुन्हा पेट्या, निळा उजेड आणि नळ्या ओलांडत तिथवर जायचा.

"निळा दिसतोय," तो म्हणाला.

"दिव्यामुळे."

"ओठसुद्धा?"

मला फोटो हवा होता, तो मिळाला होता. पण आम्हा दोघांत 'घरी आला की' म्हणणारा हा एकच जण होता, आणि रोज त्या खोलीतून बाहेर आल्यावर मी त्याच्या त्या बोलण्यावरच घरापर्यंत चालत येत होते. ते मला तिथे, त्याच्या खांद्यामागे उभं राहिल्यावर कळलं.

दूध देऊन आले तेव्हा तो जिन्यात उभा होता. कॅमेरा करड्या कव्हरात घालून गळ्यात अडकवलेला. आम्ही चालत निघालो. रोज वाटेतल्या सगळ्यांशी बडबड करणारा माणूस तो. भाजीवालीने हाक मारली तरी मान वळवली नाही.

पुलावर आल्यावर म्हणाला, "तुला हात लावू देतात ना त्याला?"

"दोन बोटं. पेटीला भोक आहे, त्यातून."

"कसा लागतो?"

"गरम. दुधावरची साय बोटाला लागते ना, तशी कातडी आहे."

"बोट धरतो?"

"धरतो." मग म्हणाले, "आधी जास्त वेळ धरायचा."

"किती जोरात?"

दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर मला ते चमत्कारिक वाटलं असतं. मी थांबले, त्याचं बोट घेतलं आणि बाळ दाबतं तसं दाबलं. म्हणजे जवळजवळ नाहीच. नुसता स्पर्श, आणि त्यात एवढंसं काहीतरी जास्त.

"एवढंच?"

"एवढंच."

लोक आम्हाला वळसा घालून जात होते. त्याने डोळे मिटले होते.

"परत," तो म्हणाला. "परत दाखव."

घरी आलो तर खालच्या मजल्यावरच्या काकूंनी खारीला भरवून ठेवलं होतं. तिच्या गालात अजून एक घास होता. नवऱ्याने तिला मांडीवर घेतलं आणि कॅमेरा सुरू करून दिला. ती कितीतरी वेळ बघत राहिली. शेवटी तिने घास गिळला.

"डोळे का बांधलेत त्याचे?"

तो बोलेल म्हणून मी थांबले. एरवी तोच बोलायचा. खारीच्या प्रश्नांना त्याच्याकडे नेहमी काहीतरी तयार असायचं, हत्तीला चष्मा का नसतो इथपासून. तो पडद्याकडेच बघत होता.

"लपाछपी खेळताहेत का?" खारीने स्वतःच ठरवलं. "त्याच्यावर राज्य आहे?"

"हो," मी म्हणाले.

"मग राज्य संपलं की येईल घरी?"

नवऱ्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तू सांग, अशा अर्थाने नाही. मी आता काय म्हणते ते त्यालाही ऐकायचं होतं.

"येईल की," मी म्हणाले. "का नाही येणार? आला की तुझ्यामागे पळत सुटेल बघ. तुझा खाऊ चोरेल. तेव्हा रडत येऊ नकोस माझ्याकडे."

"कधी?"

"लवकरच."

खार उतरली. आम्ही अडवायच्या आत तिने दार उघडलं आणि जिन्याच्या कठड्याला लोंबकळून खाली ओरडली, "काकूऽऽ! आमचं बाळ खरंच आहे! मी बघितलं! निळं आहे!"

"हो का गं?" खालून काकूंचा आवाज आला. "निळं?"

"निळं! पूर्ण निळं!" तिने अभिमानाने सांगितलं.

आम्ही दोघं आत बसून होतो. तिला हाक मारायला कोणीच उठलं नाही.