लावणीची फर्माईश

येवल्याच्या फडात कुसाबाई नाचायची, स्वतः रचलेल्या लावण्या गायची. गुडघे दुखायला लागले तसं फडमालकानं तिला काढून टाकलं. मग नाशकातल्या एका मुलींच्या शाळेनं तिला गाणं शिकवायला ठेवलं. साल १९३४ होतं. मुख्याध्यापिका वत्सलाबाईंना सगळं ठाऊक होतं. "मागचं इथं कुणापाशी बोलायचं नाही," एवढंच त्या म्हणाल्या.

कुसाबाईनं मुलींसाठी गोदावरीच्या पुरावर गाणं रचलं. पाणी पायऱ्या कसं चढतं ते हातांनी, वाहून चाललेली भांडी नजरेनं दाखवायला शिकवलं. गोदू नावाची मुलगी सगळ्यांत तयार. मधल्या सुट्टीतही ती बाईंना सोडत नसे.

स्नेहसंमेलनाला अध्यक्ष होते कारभारीशेठ. शाळेची नवी इमारत त्यांच्याच देणगीतून उठत होती. मुलींचं गाणं संपलं आणि शेठ खुर्चीतूनच हसले.

"अहो, ही तर येवल्याची कुसा! होऊन जाऊ दे एक लावणी."

कुसाबाईनं वत्सलाबाईंकडे पाहिलं. त्या जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "इमारत अजून अर्धी आहे. म्हणून टाका."

ती गायली. मन लावून गायली, कारण वाईट गाणं तिला येतच नव्हतं. मुलींनी टाळ्या वाजवल्या. पालक उठून गेले.

दुसऱ्या दिवशी तेच पालक शाळेत भांडायला आले. "माझी फसवणूक झाली," वत्सलाबाईंनी सांगितलं आणि गोदूला पुढं उभं केलं. "ह्या तुम्हांला डोळ्यांचे चाळे शिकवायच्या ना?"

गोदूनं आईच्या तोंडाकडे पाहिलं. "हो."

"तुला आवडायचं?"

"नाही. घाण वाटायचं."

"बास करा," कुसाबाई म्हणाली. "लेकराला नका छळू. मी जाते."

फडानं तिला परत घेतलं नाही. मालक म्हणाला, "मास्तरणीसारखी गातेस आता. लोक पैसे फेकायचे नाहीत." वर्षभर तिनं लोकांची धुणी धुतली.

इमारत पुरी झाली तेव्हा कारभारीशेठनं शाळेच्या मंडळींना घरी जेवायला बोलावलं आणि करमणुकीला कुसाबाईला. ती गेली. समोर वत्सलाबाई बसल्या होत्या. पहिली लावणी झाली. कुसाबाई त्यांच्याकडे बघत राहिली.

वत्सलाबाई शेठकडे वळल्या. "गोड आहे हो गळा. कुठली ही बाई?"

शेठ मोठ्यानं हसले.

"येवल्याची," कुसाबाईच म्हणाली, आणि तिनं दुसरी लावणी धरली.